आईच्या मनगटाचं ऐक

चिऊ,

काल रात्री फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. आईचं प्लॅस्टर निघाल्याचं सांगत होते, तर तू म्हणालीस, "ताई, वय झालं की हाडांचं असं व्हायचंच गं." सहज म्हणालीस, मला माहीत आहे. पण तेच वाक्य मनात रुतून बसलं. आपल्या आजीच्या कमरेत बाक आला तेव्हाही घरातले हेच म्हणाले होते. आता आईच्या बाबतीत आपण तेच म्हणतोय. उद्या तुझ्या-माझ्या बाबतीत कुणी म्हणू नये, म्हणून आज तुझ्याशी निवांत बोलायला बसलेय. घाईत असशील तर नंतर वाच, पण वाच.

तो दिवस तू पाहिला नाहीस. आई तुळशीला पाणी घालून वळली, ओल्या फरशीवर पाय सटकला आणि तिनं हात टेकला. एवढंच झालं. जिन्यावरून गडगडली नाही, गाडीवरून पडली नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मनगट टम्म सुजलं होतं. सिस्टरनं साबणाचं पाणी लावून पाटल्या कशाबशा काढल्या, पण काचेच्या बांगड्या काही निघेनात. शेवटी एकेक वाढवावी लागली. दुखण्यानं एकदाही न रडलेली आई तेव्हा रडली, बाबा शेजारी उभे असताना. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसत होतं. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं खाली येणारं हाड मनगटाच्या जरा वर मोडून मागे झुकलं होतं. जेवणाचा काटा पालथा ठेवल्यावर त्याला जसा बाक दिसतो, तसा हात दिसतो या मोडीत. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या शल्यवैद्यानं १८१४ मध्ये तिचं नेमकं वर्णन करून ठेवलं, नुसतं हातानं चाचपून. कारण एक्स-रेचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती. आणि १८९५ मध्ये तो लागला तेव्हा राँटगेननं जगाला दाखवलेलं चित्रही बाईच्याच हाताचं होतं, त्याच्या बायकोच्या, बोटातल्या अंगठीसकट.

डॉक्टरांनी हाड नीट बसवलं, प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. पण एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच का, हे तिथं कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी बावीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना हाडं शिकवते. याची खंत मला आहे. म्हणून तुला आधीच सांगते: उभ्या उंचीवरून पडून मोठ्या माणसाचं हाड मोडलं, तर दोष फरशीला देऊन थांबायचं नाही. हाड आतून ठिसूळ झालंय का, ते तपासून घ्यायचं. पन्नाशी-साठीत मनगट मोडतं, आणि तिकडे लक्ष दिलं नाही तर सत्तरीत खुबा मोडण्याचा धोका वाढलेला असतो. मनगट ही पहिली हाक असते गं.

आपली चूक मुळात होते ती हाडाला दगड समजण्यात. मी मुलींना पहिल्या आठवड्यात एक प्रयोग करायला लावते. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, मधूनमधून व्हिनेगर बदलायचं. चार-पाच दिवसांनी बाहेर काढलं की आकार तोच असतो, पण हाड दोरीसारखं वाकतं. व्हिनेगरनं त्यातली खनिजं विरघळवलेली असतात आणि उरलेलं असतं कोलॅजन, म्हणजे प्रथिनांचे चिवट धागे. उलट हाड चुलीत जाळलं तर धागे जळून जातात, खनिजं उरतात आणि बोटानं दाबलं की भुगा होतो. आपल्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिजं असतात, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. बाकी बहुतेक कोलॅजन आणि पाणी. खनिजांमुळे हाड दबत नाही, धाग्यांमुळे तडकत नाही. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाडाचं पोट भरत नाही, त्याला डाळ-उसळ, अंडं, मासे, दूधही लागतं.

आमच्या कॉलेजात मांडीचं एक हाड उभं कापून ठेवलंय. शरीरातलं सगळ्यात लांब हाड ते. बाहेरून कठीण, गुळगुळीत. पण खुब्याकडच्या टोकात आत पाहिलंस तर बारीक जाळी दिसते. ती जाळी कशीही विणलेली नसते. अंगाचा भार ज्या वाटेनं खाली उतरतो, त्याच वाटेनं तिच्या काड्या कमानीसारख्या उभ्या राहिलेल्या असतात. बर्लिनच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. सार एवढंच की हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं. भार आला की भरतं, भार गेला की विरतं. अंतराळवीर महिनोन्महिने वजनरहित राहतात, तेव्हा त्यांच्या खुब्याचं आणि मणक्यांचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्यानं कमी होतं. व्यायाम करूनसुद्धा त्यांना ते राखायला झगडावं लागतं. आता तू दिवसाचे दहा तास खुर्चीत असतेस, त्याचा हिशेब तूच मांड.

ही घडण चालते कशी, ते ऐक. हाडात दोन तऱ्हेच्या पेशी सतत कामाला असतात. एका जातीच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या जातीच्या तिथं नवं भरतात. आजीच्या घरी मातीच्या भिंतीला पोपडे आले की ते आधी खरवडायचे आणि मग नवा गिलावा द्यायचा, अगदी तसं. खरवडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. अशी डागडुजी करत करत साधारण दहा वर्षांत अंगातली बहुतेक हाडं नव्यानं घडून जातात. तुझी आजची हाडं दहावीतल्या चिऊची नाहीत. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या तिसऱ्या पेशी हाडाच्या आत खोल बसलेल्या असतात. कुठं ताण पडतोय, कुठं बारीक चीर गेलीय, ते त्यांना कळतं.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतं ते अगदी थोडं, पण त्या थोड्यावर हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल आणि नसांचा निरोप चालतो. म्हणून रक्तातलं कॅल्शियम शरीर कमी होऊ देत नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. जेवणातून पुरेसं आलं नाही, की त्या हुकूम सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढलं जातं. तू सकाळी चहा-बिस्किटावर निघतेस, दुपारी मिळेल ते खातेस, आणि तरी तुला काही होत नाही. कारण त्या दिवशीची तूट तुझ्या हाडांनी मुकाट्यानं भरलेली असते. हाड दुखून सांगत नाही, सोसतं. आपल्याकडे आईबद्दल म्हणतात ना, हाडाची काडं केली तिनं मुलांसाठी. शरीरात हे अक्षरशः घडतं. अंगावर पाजणाऱ्या बाईचं हाड काही महिन्यांत तीन ते पाच टक्के कमी होतं. चांगली गोष्ट ही की पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून येतं.

पाळी जाते तेव्हाची गोष्ट मात्र वेगळी. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खरवडणाऱ्या पेशींना आवर घालत असतं. पाळी गेली की तो आवर सुटतो. मग खरवडणं पुढे आणि भरणं मागे पडतं. पुढच्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं वीस टक्क्यांपर्यंत हाड जातं. आईची पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. तेव्हा आपण तिच्या गरम वाफांबद्दल बोललो, चिडचिडीबद्दल बोललो. हाडांबद्दल तिच्याशी कुणीच बोललं नाही.

आता तुझ्याकडे येते. तू सव्वीस वर्षांची आहेस. हाडं भरण्याचा काळ साधारण तिशीपर्यंतचा. मुलींच्या हाडांची नव्वद टक्क्यांच्या आसपास भर अठराव्या वर्षापर्यंतच झालेली असते. राहिलेली थोडी भर घालायला तुझ्या हातात तीन-चार वर्षं आहेत. त्यानंतर आहे ते सांभाळायचं असतं, आणि तेही मनावर घेतलं तर छान सांभाळता येतं. घाबरवत नाहीये तुला. वेळ आहे, तेवढं सांगतेय.

पहिलं, हाडाला भार दे. नुसतं पोहणं आणि सायकल हृदयाला चांगली, पण हाडाला जमिनीचा दणका लागतो. जिना चढ, भरभर चाल, दोरीवरच्या उड्या मार, आठवड्यातून दोनदा वजनं उचल. "वजनं उचलली तर हात पुरुषी होतील" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आपल्या आज्या विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायच्या.

दुसरं, खाणं. तुझ्या वयाला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आईला आता १,२००. आकडा मोठा वाटतो, पण आपल्याच स्वयंपाकघरात तो सापडतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी १७५ च्या घरात. दोन वाट्या दूध किंवा दही म्हणजे साडेचारशेच्या पुढे. मोठा चमचाभर तीळ, न पॉलिश केलेले, सुमारे १००. माठाची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी पोटभर खाल्लीस तर २०० च्या वर. झाले की जवळजवळ हजार. दूध सोसत नसेल तर दही, ताक घे. नाचणी आंबवून केलेली आंबील घे, आंबवल्यानं तिच्यातलं कॅल्शियम अंगी लागायला सोपं जातं. संक्रांतीला आपण तीळ खातो आणि उरलेले अकरा महिने विसरतो. तिळाची चटणी डब्यात ठेव. आणि पालकावर भिस्त ठेवू नकोस. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं आणि फारच थोडं आपल्या वाट्याला येतं. पापड-लोणचं-वेफर्सही जपून, जास्त मीठ खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियम जातं.

तिसरं, ऊन. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियममधलं जेमतेम दहा-पंधरा टक्के शोषलं जातं. असेल तर तीस-चाळीस. सगळे कोवळ्या उन्हाचं कौतुक करतात, पण त्वचेत ड तयार करणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फार कमी असतात. तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा आखूड पडते, ते ऊन हवं. दुपारच्या डब्यानंतर हात उघडे ठेवून गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं चालून ये. सावळ्या रंगाला थोडा जास्त वेळ लागतो. काचेच्या आड बसून मात्र काही मिळत नाही, काच ते किरण अडवते. आणि मैत्रिणीनं सांगितलं म्हणून साठ हजार युनिटची पुडी दर आठवड्याला घेत राहू नकोस. रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची. जास्त झालेलं ड अंगात साठतं आणि मूत्रपिंडांना त्रास देतं. लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नकोस, कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं.

आता तुझ्या गुडघ्यांचं. गणपतीच्या आरतीनंतर उठताना कटकन वाजला म्हणून घाबरली होतीस ना? सांध्यातल्या पाण्यात वायूचे बुडबुडे होतात, त्याचा आवाज असतो बहुतेक वेळा. दुखत नाही, सुजत नाही, अडकत नाही, तर नुसत्या आवाजाची काळजी करू नकोस. काळजी करायची ती गादीची. सगळे म्हणतात ना, "गुडघ्याची गादी घासली." ती गादी म्हणजे कूर्चा. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला दुधी काचेसारखी गुळगुळीत टोपी असते, दाताखाली कुरकुर वाजणारी, तीच. तुझ्या कानाची पाळ सोडून वरचा भाग, नाकाचा शेंडा, मणक्यांमधल्या चकत्या, सगळीकडे तिच्याच बहिणी आहेत.

हाडात आणि कूर्चेत मोठा फरक आहे. हाडात रक्त भरपूर खेळतं, म्हणून मोडलं तरी ते सांधतं. कूर्चेत रक्तवाहिनीही नाही आणि नसही नाही. नस नाही म्हणून झिजायला लागते तेव्हा कळत नाही. रक्त नाही म्हणून झिजलेली पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. गुडघ्यात बहुतेक ठिकाणी तिचा थर असतो अवघा दोन ते चार मिलिमीटर. तो जन्मभर पुरवायचा. मग तिला अन्न कोण देतं? सांध्यातलं ते चमचाभरही नसलेलं वंगण. पाऊल टेकलं की कूर्चा दबते, तिच्यातलं पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की ती फुलते आणि नवं पाणी, त्याबरोबर अन्न, आत शोषून घेते. भांडी घासायचा स्पंज दाबून सोडतो, तसं. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. "गुडघे झिजतील" म्हणून बसून राहणारी बाई आपल्याच गुडघ्यांना उपाशी ठेवते.

मणक्यांमधल्या चकत्यांचंही असंच. दिवसभर दबून त्यांच्यातलं पाणी थोडं निघून जातं आणि रात्री आडवं झालं की परत भरतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. अर्ध्या-पाऊण तासानं खुर्चीतून ऊठ, पाणी भरून आण, दोन पावलं टाक. मोबाइलवर गजर लाव हवा तर.

आणि वजन. तुला लागेल असं बोलत नाही, पण खरं ते सांगते. अंगावरचा एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दिवसाची पावलं मोज. मांडीचे पुढचे स्नायू बळकट असतील तर धक्का ते सोसतात, गादीपर्यंत पोचू देत नाहीत. खुर्चीवर बसून पाय सरळ कर, दहापर्यंत मोज, खाली घे. हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठबस कर. कॉलवर कॅमेरा बंद असतो तेव्हाही होतं हे. गुडघा सुजला किंवा मध्येच अडकायला लागला, तर मात्र तेल चोळत बसू नकोस, दाखवून ये.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात आवडते. पोटातल्या बाळाचा हातापायांचा सांगाडा आधी कूर्चेचाच असतो. मग त्यात हळूहळू हाड भरत जातं. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात आठ छोटी हाडं असायला हवीत, पण एक्स-रे काढला तर बहुधा एकही दिसत नाही. सगळी अजून कूर्चाच असते. ती एकेक करत उमटतात, शेवटचं दहाव्या वर्षाच्या आसपास. बाळाची टाळू भरायला जसा वेळ लागतो, तसाच. आणि मोडलेलं हाड सांधतं तेव्हा काय होतं ठाऊक आहे? आधी रक्ताची गाठ, मग त्या जागी मऊ कूर्चा, मग तिच्यात ओबडधोबड हाड, आणि मग महिनोन्महिने तासून-भरून पहिल्यासारखा आकार. गर्भात जी वाट एकदा चालून झाली, तीच शरीर पुन्हा चालतं. साठीच्या बाईच्या हातातसुद्धा. मग "वय झालं, आता काय" असं आपण कसं म्हणायचं, सांग?

आईचं हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन परवा करून आणलं. दहा-पंधरा मिनिटांचं काम, दुखत नाही, किरणही अगदी थोडे. त्यात टी-स्कोअर देतात. उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर हाडं ठिसूळ झाली समजायचं. आईचा उणे २.७ आला. औषधं सुरू झालीत, आणि ती घेतली की खुब्याचं संकट बरंच टळतं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली, तुळशीजवळची फरशी खडबडीत केली. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेला व्यायाम ती कणकेवर करते. पहिल्या दिवशी बोटं रुततच नव्हती, काल दोन पोळ्यांची कणीक मळली. संध्याकाळी कासाराकडे जाऊन बांगड्याही भरून आली. मनगट जरा जाड राहिलंय, एक माप मोठं लागलं. हिरव्याच घेतल्या.

तू रविवारी येशील तेव्हा नाचणीची भाकरी करेन. येताना लिफ्ट सोड, आमचा चौथा मजला जिन्यानं चढून ये.

तुझी
ताई